लाल दिवा
दवाखान्यातून मेहुणीचा फोन आला, “भाऊजी, दीदी गेली.” तेव्हा मी घरी अभनपूरच्या बाइकफेरीचा व्हिडिओ कापत बसलो होतो. हेल्मेटवरचा कॅमेरा नवा होता. लाल दिवा लागला की चित्रण चालू, पण माझ्याकडून बटण उलटं दाबलं जायचं. गाडी चालवताना कॅमेरा बंद राहायचा आणि चहाला थांबल्यावर बायकोलाच टिपायचा. तसले तुकडे पुसून टाकायचो. “मले बी दाखवा ना,” ती म्हणायची. “लोकायले वाटंल, तुम्ही एकटेच फिरून राहिले.” “आधी रस्ता नीट येऊ दे,” मी म्हणायचो. आता रस्ता नीट येतो, पण ती नसते. उरलाय फक्त तो अभनपूरचा तुकडा. टपरीवर ती कॅमेऱ्यात डोकावून विचारते, “हा लाल दिवा काहून लागला हो?” मी दुरून ओरडतो, “हात नको लावू!” ती हसते. तो व्हिडिओ मी अजून पूर्ण केलेला नाही आणि कोणाला दाखवलेलाही नाही.