कुंभारमाशीचं घर

टपालाचं विमान भाट्याच्या वाळूवर उतरलं की राखणीला धाकू असायचा. पंखाखालच्या बारीक नळीत वारा शिरायचा आणि त्यावरून विमान चालवणाऱ्या साहेबांना वेग कळायचा. उडण्याआधी ती नळी तारेने साफ करणं, हे धाकूचं काम.

"साहेब, पोरंबाळं किती?" धाकूने एकदा सहज विचारलं.

"नऊ वर्षं झाली रे, पाळणा काही हलला नाही." साहेब हसले, पण ते हसू धाकूच्या जिवाला लागलं.

पुढच्या खेपेला विमान दोन दिवस अडकून पडलं. तिसऱ्या सकाळी धाकू तार घेऊन गेला, तर नळीच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. ती ज्याच्याकडे घर बांधते त्याच्याकडे पाळणा हलतो, ते मोडू नये, असं त्याची आय सांगायची. एवढ्याशा मातीने काय अडणार? धाकूने तार कनवटीला खोचली.

"नळी बघितलीस?"

"बघितली साहेब. खुशाल जावा."

मांडवीसमोर विमान समुद्रात कोसळलं.



चार महिन्यांनी साहेबांची बायको त्या पाण्यात फुलं सोडायला आली, तेव्हा तिला पाचवा महिना लागला होता.