पहिल्या पेटीचे खांदेकरी

“काका, पणजोबांना दोनदा पुरलंय,” असं म्हणत पुतणीने दफनभूमीच्या नोंदी माझ्यापुढे आपटल्या. “आणि मधल्या जनगणनेत, म्हणजे पहिल्या दफनानंतर तीन वर्षांनी, पणजी विधवा, घरात एक घड्याळजी भाडेकरू आणि तान्हे आजोबा. पणजीने पुढे त्या भाडेकरूलाच नवऱ्याच्या नावाने पुरलं. आपण त्याचीच पिलावळ. वंशावळीतून पणजोबांना खोडते.” “खांदेकऱ्यांचा रकाना वाच आधी.” “पहिल्यांदा दोघे, दुसऱ्यांदा सहा.” “भिंतीवरच्या फोटोतले पणजोबा बघ. एवढा आडदांड गडी दोघांना पेलला असता? पहिली शवपेटी रिकामी. सैन्यात सक्तीची भरती निघाली, तेव्हा लगबगीने वारले आणि स्वतःच्याच घरात भाडेकरू झाले.” तिने डोळे बारीक केले. “आणि शेजाऱ्यांनी ओळखलं नाही?” “छातीपर्यंतची दाढी काढल्यावर कोण ओळखणार? तीच पुरली ना पहिल्या पेटीत.” “हेही रकान्यात आहे?” “ते मी सांगतोय.” तिने वंशावळीत पणजोबांचं नाव तसंच राहू दिलं, पण पुढे ठसठशीत प्रश्नचिन्ह काढलं.