बाहेर उभा बाप

"अरे रड ना! लोक आले," बाक्यतने उलारला कोपराने ढोसलं.

मयत ठेवलेल्या युर्तच्या, लोकरी तंबूच्या दाराबाहेर भावकीतले पुरुष ओळीने उभे होते. कमरेला पट्टे, हातात काठ्या, अंगं काठीवर वाकलेली. पाहुण्यांची नवी तुकडी "अरे माझ्या काळजा रे!" असा टाहो फोडत फाटकातून शिरली, की ओळीनेही तेवढ्याच मोठ्याने रडून उत्तर द्यायचं. बायका आत रडणार, पुरुष बाहेर. नारीनच्या डोंगरात पुरुषाला गळा काढून रडायची मुभा असलेली ही एवढी एकच जागा. आणि मयताचा थोरला मुलगा तिथे नेमका ठोंब्यासारखा गप्प उभा होता.

त्याला "बाबा रे" म्हणून ओरडायचं होतं. पण आत निजलेल्या कुबातला, आपल्या बापाला, त्याने जन्मात कधी बाबा म्हटलं नव्हतं. पहिलं नातवंड आजीआजोबांचं, असा रिवाज. उलार वाढला आजोबा ओस्मोनच्या मांडीवर, बाबा म्हणाला तो त्यांनाच. जन्मदात्या बापाला दादा म्हणायचा, आईला वहिनी. दादा त्याच अंगणातल्या दुसऱ्या घरात राहायचा. यायचा, दाराशी बसायचा, चहा पिऊन घोड्यांकडे जायचा. आपल्या बापादेखत स्वतःच्या पोराला जवळ घेणं म्हणजे निर्लज्जपणा, आणि कुबात काही निर्लज्ज नव्हता.

"शहरात जाऊन गळा विकून आलास काय?" बाक्यत पुटपुटला. "साऱ्या मुलखाला शिकवतोस ना, पुरुषांनो रडा म्हणून!"

चुलतभावाचं बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. उलार बिश्केकच्या एका विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायचा. मर्दासारखा वाग, मर्दासारखा वाग, असं बजावत वाढवलेल्या माणसांच्या आत काय काय सडतं, हा त्याचा अभ्यास. गावोगाव फिरून तो बाप्यांना प्रश्न विचारायचा. गेल्या उन्हाळ्यात घरी आला, तेव्हा दादालाही त्याने समोर बसवलं आणि रेकॉर्डर चालू केला.

"थोरल्याला लहानपणी कधी उचलून घेतलंत?"

दादा टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "नाही. कधीच नाही."

बिश्केकच्या परिषदेत उलारने तेवढाच तुकडा ऐकवला. "हे माझे वडील," तो म्हणाला, "माझ्या अभ्यासात भेटलेला सगळ्यात थंड माणूस." सभागृह हळहळलं. एका बाईंनी डोळे टिपले. उलारला ते आवडलं होतं. आज आठवून त्याची त्यालाच किळस आली.

"दादाने माझं ते भाषण पाहिलं होतं का रे?" त्याने हळूच विचारलं.

"माझ्याच मोबाईलवर."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आवाज स्पष्ट आलाय."

तेवढ्यात पुन्हा पाहुणे शिरले, ओळ रडली, उलारच्या तोंडून मात्र नुसती हवा गेली.

भिंतीकडेला बसलेल्या ओस्मोनने काठीने खूण करून त्याला बोलावलं. म्हाताऱ्याचे डोळे रडून बारीक झाले होते. "बापासाठी आवाज फुटत नाही तुझा?"

"कुठल्या तोंडाने रडू, बाबा? चारचौघांत मी त्यांची लाज काढली. आणि खोटं तरी कुठे बोललो? तेच म्हणाले, कधीच नाही."

"तू विचारलंस तेव्हा मी कुठे होतो?"

"तिथेच. शेजारी. चहा पीत होतात."

"उठत होतो मी."

उलारला आठवलं. म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला होता, आणि त्यानेच खांदा दाबून खाली बसवलं होतं. बसा हो बाबा, तुमची कसली अडचण!

"माझ्यादेखत तो दुसरं काय सांगणार होता?" ओस्मोन म्हणाला. "तू रांगत होतास ना, तेव्हा तो आला की मी उठायचो. सरपण बघून येतो म्हणायचो. सरपण काय पळून चाललंय? परत येताना दाराबाहेर थांबून जोरात खाकरायचो. मग आत. तू आपला गादीवर, तो आपला दाराशी, जसं काही झालंच नाही. आणि तुझे गाल लालेलाल, त्याची दाढी घासून."

उलारचा हात नकळत गालावर गेला.

"पोर माझं म्हणून मिरवलं मी," म्हातारा म्हणाला, "आणि ज्याचं होतं त्याला चोर केलं. एकदा तरी म्हणायला हवं होतं, घे रे, माझ्यासमोर घे. म्हणालो नाही. आता कोणाला म्हणू?"

तो काठी टेकत युर्तच्या दाराशी गेला. "बायांनो, जरा बाहेर या. चहा घ्या." बायका डोळे पुसत बाहेर आल्या. ओस्मोनने दारावरचा जाड लोकरी नमदा स्वतःच्या हाताने वर धरला.

"जा. मी इथेच आहे. येण्याआधी खाकरेन."

उलार आत गेला. पडद्यामागे कुबात निजला होता. उलारने त्याच्या चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं, गुडघे टेकले आणि आपला गाल त्या गार, खरखरीत गालावर ठेवला. "बाबा," तो म्हणाला. आधी हळू. मग इतक्या मोठ्याने, की बाहेरच्या ओळीने माना वर केल्या.

पाहुणे खोळंबले. चहा निवला. दाराला पाठ करून ओस्मोन कितीतरी वेळ उभा होता. पण तो काही खाकरला नाही.