लाभ, दोन, तीन

"अण्णा, टॅक्सी मागवतेय. बॅगा किती आहेत?" ऋताने स्वयंपाकघरातून विचारलं.

"लाभ," आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला.

ती पुढच्या आकड्याची वाट बघत राहिली. तो आलाच नाही. फोन हातात तसाच धरून ती खोलीच्या दारात गेली. कॉटशेजारी एकच बॅग होती आणि अण्णा ओळखीसाठी तिच्या मुठीला लाल दोरा बांधत होते.

"किती म्हणालात?"

"लाभ. म्हंजे एक. धान्याची रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत गं, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. बार्शीच्या अडत बाजारात चाळीस वर्षं मापाडी होतो मी. आता जीभ दुसरीकडं वळत नाही."

ऋताने टॅक्सी न मागवताच फोन खाली ठेवला.

अख्खा उन्हाळा तिनं हा शब्द ऐकला होता. ती विद्यापीठात पोस्टडॉक. हजारो मैलांवरच्या एका थंड मुलखातल्या शेतांचे फोटो क्लेमेंटी उपनगरातल्या या फ्लॅटमध्ये तिच्या लॅपटॉपवर यायचे. तिथलं पीक कसं आहे आणि बांधावर फेझंट किती फिरताहेत, हे तिनं कळवायचं. त्यावरून थंडीच्या तोंडावर शिकार किती करू द्यायची ते ठरायचं. फेझंट म्हणजे रानकोंबड्याच्या जातीतला लांब शेपटीचा पक्षी. नर झगझगीत, तो कॉम्प्युटरलाही दिसतो. मादी मात्र वाळल्या गव्हाच्या रंगाची. ती कॉम्प्युटरला काही केल्या सापडत नव्हती. लेकाकडे राहायला आलेल्या अण्णांना ती चहा पिता पिता दिसली.

"ती काय, काडाच्या आड बसलीय," ते म्हणाले होते.

मग रोज सकाळी दोघं कामाला बसायची. अण्णा स्क्रीनवर बोट ठेवून मोजायचे, ऋता शेवटचा आकडा टाइप करायची. "लाभ, दोन, तीन, चार. पुढं." तिनं चार लिहायचे; दोनच्या आधी एक येतच नाही, याकडे तिचं कधी लक्ष गेलं नाही. कधी नुसतंच "लाभ. पुढं." यायचं. तिला वाटलं, देवाचं नाव घ्यावं तसं अण्णा मोजणीआधी लाभ म्हणतात आणि मग त्यांना काहीच सापडत नाही. तिनं शून्य लिहिलं. विचारलं नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला मराठी शब्दाचा अर्थ विचारणं जरा जडच जातं.

यंदा तिकडे पाऊस नव्हता. पूर्वेच्या पट्ट्यातलं पीक करपलं होतं. "असल्या सालात पाखरं एका जागी राहत नाहीत. खायला पुरत नाही. एकेकटी फिरतात," अण्णांनी सांगितलं होतं. तेही तिनं हसून सोडून दिलं. तिच्या अहवालात पूर्वेच्या पट्ट्यासमोर शून्यांची रांग लागली. रानातली पाखरं संपलीच म्हटल्यावर तिथल्या लोकांनी पिंजऱ्यात वाढवलेले फेझंट पायात कडी घालून सोडले आणि शिकार खुली केली. एरवी मादी मारायला बंदी असते. रानातली मादी उरलीच नाही असं समजून या पट्ट्यापुरती ती उठवली.

तीन आठवड्यांत मारलेल्या पाखरांत एकशे बासष्ट माद्या बिनकडीच्या निघाल्या. रानातल्या. पुढच्या साली ज्यांनी अंडी घालायची त्या.

तशी ईमेल आली त्या संध्याकाळी ऋता नवऱ्यापाशी रडली. "अण्णांना दिसतच नव्हतं रे, तन्मय. मी उगाच विसंबले त्यांच्यावर."

फ्लॅटच्या भिंती त्या केवढ्या जाड असणार. सकाळी अण्णांनी चष्मा पुसत विचारलं, "एवढी सुटली माझ्या नजरेतून?"

"असू दे हो, अण्णा," ती म्हणाली. नाही म्हणाली नाही.

त्याच दिवशी त्यांनी लेकाला परतीचं तिकीट काढायला लावलं. बार्शीला फोन करून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावला. तेव्हापासून त्यांनी वर्तमानपत्राला हात लावला नव्हता. खाली कॉफी प्यायला एकटे जाणं बंद केलं होतं. घरात कप उचलतानाही ते आधी चाचपून बघायचे. ऋताला त्यांची कीव यायची, आणि आपण किती समंजस आहोत असंही वाटायचं.

आता ती दारात उभी होती. विमानाला चार तास होते. गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं. बार्शीचे डॉक्टर डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगतील, अण्णा मनातल्या मनात बुचकळ्यात पडतील आणि विषय मिटेल. एवढी सोपी पळवाट आपल्याला इतक्या चटकन सुचली, याचीच तिला लाज वाटली. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"अण्णा, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. लाभ म्हणजे एक, हे मला माहीत नव्हतं, आणि मी तुम्हाला विचारलंही नाही. तुम्ही नुसतं लाभ म्हणालात तिथं मी शून्य लिहिलं. प्रत्येक वेळी."

अण्णांच्या हातातला दोरा सुटला. मापात खोट कुठं येते हे त्यांना समजवावं लागलं नाही. ते चिडतील, निदान सुटकेचा श्वास तरी टाकतील, असं तिला वाटलं होतं.

"म्हंजे मला सगळ्या दिसल्या होत्या?"

"सगळ्या."

"आणि मी सांगितल्या होत्या."

"हो."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"डोळेच गेले असते तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "डोळ्याला ऑपरेशन तरी आहे."