उशीवरची नोट

परदेशात हॉटेलची खोली आवरणाऱ्या बाईसाठी रोज उशीवर टिप ठेवायची, नाहीतर ती डूख धरते, असं भाच्यानं बजावलं होतं. म्हणून पहिल्याच सकाळी ह्यांनी एक नोट ठेवली. फिरून आलो तर चादर बदललेली, अभ्रा नवा, आणि नोट पुन्हा उशीवर, अगदी तशीच.

"कमी वाटली असेल," मी म्हणाले. "तुमचा चिक्कूपणा इथंही नडला."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मोठी नोट ठेवली. तीही जागच्या जागी. मग त्याहून मोठी. संध्याकाळी तीही उशीवर आमची वाट बघत होती. बाईचा राग काही केल्या निवत नव्हता आणि खोलीची किल्ली तिच्याकडे होती. जगमधलं पाणी आम्ही बेसिनमध्ये ओतलं, टूथब्रश पर्समध्ये लपवले आणि दाराला खुर्ची लावून टक्क जागे राहिलो.

सकाळी खुर्ची बाजूला करून बॅगा भरत होतो, तेवढ्यात ती आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं. मी ह्यांचा दंड घट्ट धरला. ती मोबाइलमध्ये तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि मोबाइल आमच्यापुढे धरला. त्यातून मराठी भाषांतर ऐकू आलं, "मी एकाही नोटेला हात लावलेला नाही, मॅनेजरसाहेबांना तेवढं सांगा. माझ्याआधीच्या बाईची नोकरी अशाच नोटेपायी गेली. आता ही परीक्षा थांबवा. तुम्ही आल्यापासून भीतीनं माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही."