अकरावं बसकर

बसकरं अकरा, पाट्या अकरा, स्टीलचे पेले अकरा. मुलं आठ.

दीक्षानं फळ्याजवळ उभं राहून पुन्हा पाहिलं. तीन बसकरं रिकामी होती. नईम नव्हता, रत्नदीप नव्हता. तिसरं कोण, ते तिला पटकन आठवेना.

शिकवणाऱ्या शुभदाताई लग्न होऊन अकलूजला गेल्यापासून अंगणवाडीतलं बरंचसं दीक्षावरच आलं होतं. प्रार्थना तीच सांगायची, नखं तीच बघायची. मदतनीस येसूबाई खोली उघडायची, खाऊ शिजवायची आणि शेगडीपुढून ओरडायची.

जाताना शुभदाताईंनी दीक्षाचे दोन्ही हात धरले होते. "सगळी बसकरं भरू देत. मग मी येतेच बघ."

तेव्हापासून ती एकदाही भरली नव्हती. कधी कुणाला ताप, कधी कुणाकडे पाहुणे.

"येसूबाई, मी दोघांना घेऊन येते."

"लवकर ये. न्हायतर गार उपीट खा."

नईमच्या बोळात यंत्रमागांचा खडखडाट होता. त्याची आई शबाना उंबऱ्यात सुताच्या कांड्या भरत बसली होती.

"आल्या बघा बाई!" ती हसली. "आज त्याचं पोट दुखतंय म्हणं."

"कुटं दुखतंय?"

नईमनं गुडघा दाखवला.

"मग आज पायानं जेव," दीक्षा म्हणाली आणि तिनं त्याचा हात धरला.

रत्नदीप नवा शर्ट घालून, केसांना चापून तेल लावून तयार होता. त्याचे आजोबा, हरिदास, त्याला बार्शीला घेऊन निघाले होते.

"एक दिवस न्हाय आला तर काय आभाळ कोसळतंय?"

"एक बसकर रिकामं ऱ्हातंय."

"ऱ्हाऊ दे की!"

सकाळपासून पुढचा एक दात दीक्षाला त्रास देत होता. जीभ सारखी तिकडंच जायची. ती दारातून हललीही नाही. आजोबांनी घड्याळाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"दुपारची यष्टी हाय तशी. ने. लई चिवट हायस, ताई."

दोघं येऊन आपापल्या जागी बसले. दीक्षा फळ्याजवळ गेली. बोट पुढं करून तिनं मोजलं. दहा. मग उलट्या बाजूनं मोजलं. दहाच. खिडकीखालचं एक बसकर रिकामं होतं.

तिनं मनातल्या मनात सगळी गल्ली पालथी घातली, एकेका दारात डोकावून पाहिलं. प्रत्येक घरातलं मूल समोर बसलेलं होतं. कुणीच राहिलं नव्हतं.

"कोण न्हाय आलं, ताई?" नईमनं विचारलं.

तिनं पुन्हा त्या रिकाम्या बसकराकडं पाहिलं. आज शुभदाताई आल्या असत्या. एकच कमी, आणि त्याचं घर सापडत नव्हतं.

"येसूबाई," ती म्हणाली. "एक कमी हाय."

पदराला हात पुसत येसूबाई आली. "कोण?"

"तेच कळंना."

येसूबाईनं मुलांवरून नजर फिरवली, मग दीक्षाकडं पाहिलं. तिनं दीक्षाला काखेत धरून अलगद उचललं आणि खिडकीखालच्या बसकरावर ठेवलं. "आता मोज." दीक्षानं मोजलं, शेवटी तिचं बोट तिच्याच फ्रॉकवर येऊन थांबलं. मग तिनं हलणारा दुधाचा दात ओढून काढला, शुभदाताईंना दाखवायला मुठीत धरला आणि ती दाराकडं बघत बसली. उपीट गार झालं. मुलं अकरा. दारात कुणी नाही.