दगडाला मानवलेलं पाणी

बाटली उन्हात धरून परिचेहर थांबली. तेलविहिरीच्या नळातून आत्ताच घेतलेला गढूळ माल हळूहळू निवळत होता. खाली पाणी, वर तेल. आजवर वर तेलाची नखाएवढी रेघ दिसायची, बाकी सगळा पाण्याचाच कारभार.

इराणातल्या गचसारानच्या या म्हाताऱ्या विहिरीचा आज निकाल होता. नवरोजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या आत तेल वाढलं नाही तर सिमेंट ओतून तिचं तोंड बंद व्हायचं आणि इथली इंजिनीअर परिचेहर, तिची रवानगी तेहरानच्या कचेरीत. खाली चुनखडीचा दगड आणि तेल त्याला हट्टाने चिकटलेलं. साधं खारं पाणी सोडलं की ते नुसतं बाजूने निघून यायचं. मग परिचेहरने भांडून शेजारच्या विहिरीतून वेगळं पाणी सोडलं, मीठ कमी केलेलं, सल्फेट वाढवलेलं. दगडाला मानवलं तर तो तेल सोडेल, एवढंच तिचं म्हणणं.

तिचे साहेब अलिमुराद दर शुक्रवारी, चांगल्या सुट्टीच्या दिवशी, वाट वाकडी करून यायचे आणि टोमणे मारून जायचे. दगडाला सार पाजताय, मीठ चाखून बघितलंत का, असलं काहीबाही. बाटलीकडे बघायचे, हुं करायचे, निघून जायचे. मेल्याला घरी करमत नाही का, असं परिचेहर मनात म्हणायची. आजही ते मागे उभे होतेच.

बाटली निवळली. परिचेहरने डोळे चोळले. काळा थर चांगला चार बोटं जाड होता. तिने दुसरी बाटली भरली, मग तिसरी. तेच! मग मात्र ती लाजलज्जा सोडून खदखदून हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. पंपावरची माणसं कामं टाकून धावली. अशी खुशी त्या उजाड माळावर कित्येक वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

अलिमुराद तडक जीपकडे वळले. झोंबलं वाटतं, परिचेहरला वाटलं. पण ते परतले ते मिठाईचा खोका घेऊन. चण्याच्या पिठाच्या, वेलची घातलेल्या वड्या, पार काठोकाठ.

"आज तर बाजार बंद," ती गोंधळली. "हे घेतलंत कधी?"

"काल. दर गुरुवारी घेतो," साहेब खाली बघत म्हणाले. "आतापर्यंतचे सगळे खोके परत जाता जाता मीच संपवलेत, परिचेहर खानम."